लाकडातली वाट

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक गचका दिला, दिवा गेला आणि ती थांबली. एरवी यात विशेष काही नव्हतं. या इमारतीची लिफ्ट अधूनमधून रुसायचीच. मग खालून वॉचमन ओरडायचा, वरच्या खोलीत कुणीतरी खटपट करायचं आणि ती पुन्हा चालू लागायची. पण आज म्हातारीबरोबर तिचा मुलगा होता. मुलगा लिफ्टमध्ये कधी पाऊल टाकत नसे. भाजीच्या पिशव्या असोत, गव्हाचं पोतं असो, तो जिन्यानेच यायचा, आणि वर आल्यावर दारात उभा राहून श्वास खाली बसेपर्यंत उगाच बाहेरच्या कुंडीतली पानं खुडायचा. आज डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यात सुई घातली होती, जिना चढायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि तिला एकटीला त्या पेटीत सोडवेना म्हणून तो आत आला होता. "येईल रे आत्ता," ती अंधाराला म्हणाली. कपडा पत्र्यावर घासल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून जो काही करडा उजेड येत होता त्यात तिला दिसलं, की पन्नाशीला आलेला तिचा मुलगा भिंतीला पाठ लावून खाली घसरतो आहे. आधी त्याचा डावा खांदा दुमडला. मग हनुवटी छातीला टेकली. उजवा हात पाठीमागे गेला आणि उलटा तळवा पत्र्यावरून सरकत काहीतरी शोधू लागला, थांबला, पुन्हा शोधू लागला. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ही हालचाल तिच्या ओळखीची होती. मग दिवा आला, लिफ्ट वर निघाली, मुलगा उठला, त्याने पँटची धूळ झटकली, तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चल." बस, एवढंच.

घरात आल्यावर त्याने तिचा पाय स्टुलावर ठेवून दिला, चहा केला, स्वतःचा कप ओट्यावरच विसरला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खुर्चीतून तिला त्याची पाठ दिसत होती. बुटकी, रुंद, मानेशी किंचित पुढे झुकलेली. बापाची पाठ. ती पाठ तिने एकदा पेन्सिलीने काढली होती, लग्नाच्याही आधी, आणि त्या रेषेच्या किती प्रती निघाल्या, कुठे कुठे गेल्या, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

ती जिथे नोकरीला होती त्या कारखान्याला सगळं गाव नांगरखाना म्हणायचं, आणि तिथे नांगर बनेनासे होऊन एक पिढी उलटली होती. तिच्या लहानपणी फाटकावर एक लोखंडी नांगर टांगलेला असे. वारा सुटला की तो करकरायचा. आत नांगराचे फाळ ओतले जायचे, मळणीयंत्रं बनायची, विहिरीचे पंप बनायचे. मग एक युद्ध आलं. फाटकावरचा नांगर उतरवून त्याच भट्टीत घातला, चारी बाजूंनी भिंत चढली, नावाची पाटी जाऊन तिथे नुसता आकडा आला, आणि आतून रणगाडे निघू लागले. पहिले रणगाडे दुसऱ्यांचे बघून बनवलेले, बेढब, चढावर धापा टाकणारे. पुढे पुढे हात बसला. ओतशाळेच्या छपराला दुसरं छप्पर लागलं, जोडणीच्या शेडमधून रेल्वेचा रूळ आला, वस्ती वाढली. पण रणगाडा हा शब्द वस्तीत कुणी उच्चारत नसे. घरात म्हणायचे गाडी. "आज गाडी निघाली वाटतं," बायका म्हणायच्या, कारण चाचणीच्या मैदानावर गाडी सुटली की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या, आणि नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, की काचेचं सामान खालच्या फळीवर ठेव. बाहेरगावचा पाहुणा विचारायचा, तिथे बनतं काय? आणि लहान पोरसुद्धा चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायचं, पंप. तिला ही थाप अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. ती काम करायची तो नकाशा विभाग, जिथे गाड्यांचे आराखडे निघायचे, वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे बसलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसू नये. ती दिवसभर उभ्याने पट्टी सरकवायची, आणि उभं राहिलं की सगळं दिसायचं. खालचे कामगार तिला पट्टीबाई म्हणायचे. तिला ते आवडायचं.

तेव्हा नव्या गाडीचं काम निघालं होतं. सैन्याची माणसं येऊन गेली आणि मोठे साहेब नकाशांच्या टेबलापाशी बराच वेळ गप्प उभे राहिले. गाडी बुटकी करा, असं फर्मान होतं. हातभर बुटकी. उंच गाडी लांबून दिसते, जी दिसते तिच्यावर आधी गोळा पडतो, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. पण हातभर काढायचं कुठून? इंजिन लहान होईना. तोफ लहान होईना. उरला माणूस. सुतारांनी गाडीचा पुरेपूर मापाचा लाकडी नमुना उभा केला, आणि चालकाच्या जागी एकेक जण बसून पाहू लागला. मोठे साहेब स्वतः बसले तर गुडघे नाकाला लागले. त्यांच्या हाताखालचा बसला तर झाकण टाळूवर आपटलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, वीतभरला बोलवा. वीतभर म्हणजे सुतारांतला एक. सगळ्यांत बुटका आणि तोंडाने सगळ्यांत तिखट. त्याची चेष्टा करायला कुणी गेलं तर आधी तोच स्वतःची करून मोकळा व्हायचा, की शिंप्याकडे माझं कापड उरतं म्हणून तो मला भावजी म्हणतो. तो कानामागची पेन्सिल काढून बाजूला ठेवून आत उतरला, झाकण लावून घेतलं, आणि आतून आवाज आला, "साहेब, ऐसपैस आहे! पोटभाडेकरू ठेवता येईल!" सगळे हसले. मोठे साहेबसुद्धा हसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे हसले. मग वरून पट्टीबाईला बोलावणं गेलं, की खाली ये आणि याची मापं घे.

परक्या पुरुषाची मापं तिने त्याआधी घेतली नव्हती. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. नव्या कापलेल्या लाकडाचा वास, आत कोंडलेली ऊब, आणि तो वटवट्या माणूस एकाएकी गप्प. छातीशी टेप नेली तेव्हा त्याने श्वास धरून ठेवला. "सोडा," ती म्हणाली, "श्वास घेतल्यावर किती होते तेही लागतं." तो कानापर्यंत लाल झाला. नकाशात माणूस काढतात तो नुसत्या बाह्यरेषेचा, नाक-डोळे नसलेला. तिने त्याला तसाच काढला, फक्त मान किंचित पुढे ठेवली, रंधा मारून मारून ती तशी झाली होती. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. नवरा पुढे सांगत फिरायचा, की हिने मला आधी मापून घेतलं, मग पसंत केलं.

पण मापं घेतली त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. मापं झाल्यावर साहेबांनी तोफ बसवलेला वरचा बुरूज फिरवून पाहायला सांगितलं. दोघांनी लाकडी तोफ ढकलत पुढे आणली आणि ती बरोबर चालकाच्या झाकणावर येऊन थांबली. आतून झाकण ढकलल्याचा आवाज आला. ते चार बोटं वर उचललं, तोफेच्या नळीला लागलं आणि खाली पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. "साहेब," फटीतून आवाज आला, "आता मी बाहेर कसा येऊ?" साहेब म्हणाले, "तोफ बाजूला करायची." "कोण करणार?" "वरचा. बुरुजातला." "आणि वरचा मेला असला तर?" हेही त्याने हसतच विचारलं होतं. एकदोघे हसलेही. साहेबांनी नळीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. तोफ बाजूला ढकलली गेली, वीतभर बाहेर आला, लोक डबे घ्यायला पांगले. साहेब वाईट नव्हते. पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्या झाकणाच्या रेषा इकडे सरकव तिकडे सरकव केलं. त्या रेषा खोडणारी तीच होती. पण एक बोटभर जागा इकडे घ्यावी तर तिकडे इंजिनाला कमी पडायची, आणि शेवटी गाडी आहे तशीच बाहेर पडली. खूप खपली. परदेशीसुद्धा गेली. मैदानावरून ती धावायची तेव्हा गवतातून सरपटल्यासारखी दिसायची, आणि नवरा तिला कोपराने ढोसून म्हणायचा, "आत मी आहे हं."

मुलगा बापाच्या अंगावर गेला. शाळेत रांगेत पहिला, फोटोत खाली बसलेला. सैन्यभरतीच्या ठिकाणी भिंतीवर एक रेघ मारलेली असायची. रेघेच्या खाली ज्याचं डोकं राहील तो गाडीत. मुलगा संध्याकाळी घरी आला, हात धुऊन पानावर बसला आणि म्हणाला, "गाडीत घातलं मला." नवऱ्याने तोंडाजवळ नेलेला घास परत ताटात ठेवला. त्या वेळी त्याने विनोद केला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो कामावरून उशिरा येऊ लागला. कोपरं सोललेली, पाठीला ओरखडे. तिने मलम लावता लावता विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, लाकडं हलवत होतो." तो आता सुतारांचा फोरमन होता. जुना लाकडी नमुना मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होता, आणि सुट्टी झाल्यावर हा माणूस, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा, त्यात जाऊन बसत होता. एका सोबत्याला सांगून तोफ झाकणावर आणवायचा आणि बाहेर पडायला धडपडायचा. आठवडाभर हे चाललं. मग एका संध्याकाळी तो दार ढकलून आत आला तो असा, की तिला वाटलं, याला कुणी तरुण करून पाठवलंय. "सापडली!" तो म्हणाला. "काय?" "वाट!" खुर्चीची पाठ खाली पाडायची, डावा खांदा दुमडायचा, हनुवटी छातीला लावायची आणि मागे घसरायचं, बुरुजाच्या खालून, उजवा हात मागे, तळवा उलटा, हाताला कड लागली की तिला धरून अंग ओढायचं, की वरच्याच्या जागेत निघालास. तिथे वरचं झाकण. तिथून बाहेर. "उंच माणसाला जमणार नाही," तो तिला म्हणाला आणि त्याने तिचे दोन्ही खांदे धरून हलवले, "अगं, आपल्याच मापाच्या माणसाला जमेल!"

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिकवणी सुरू झाली. डबे, स्टूल, पाट रचून जागा बरोबर तेवढी केली. मुलगा आधी हसला, "काय हे बाबा," म्हणाला, मग बापाच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. "खांदा आधी! डोकं आधी घातलंस की अडकलास. हं, पुन्हा." पुन्हा. डोळे मिटून पुन्हा. ती शेगडीशी उभी होती आणि तिच्या हातातला झारा हलत नव्हता. कारण चालकाच्या पाठीमागे, बुरुजाच्या खाली, जिथून तिचा नवरा घसरत बाहेर आला होता, तिथे तोफगोळे असतात. गोलाकार, एकाला एक लागून, उभे. ती मांडणी तिच्याच टेबलावर झाली होती. लाकडी नमुन्यात गोळे ठेवलेच नव्हते. एवढे गोळे कातायला कुठे वेळ घालवता, असं साहेब म्हणाले होते. पुढे लोखंडाची गाडी बनली ती दुसऱ्या शेडमध्ये, आणि तिथे सुतारांना जायला मज्जाव होता. नवऱ्याला ती जागा रिकामीच माहीत होती. सांगायला हवं, ती स्वतःला म्हणाली. आज रात्री सांगू. उद्या सकाळी सांगू. त्या आठवड्यात नवरा घोरत झोपला. भरतीच्या दिवसापासून तोवर तो नीट झोपलाच नव्हता. बसस्टँडवर मुलगा खिडकीत बसला तेव्हा बापाने डावा खांदा किंचित दुमडून दाखवला, मुलानेही दाखवला, दोघं हसले. ती पाण्याची बाटली वर देत होती. पहिल्याच दिवशी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, ती मनात घोकत होती. त्याला दिसेल. बस निघाली.

युद्ध झालं. कपबशा वर्षभर किणकिणत राहिल्या, गाड्या रात्रंदिवस निघत होत्या. मग एका दुपारी मुलगा दारात उभा राहिला, अंगावर कुठे ओरखडा नाही, फक्त ऐकू येत असूनही माणसाच्या ओठांकडे बघायची सवय लागलेली. नवऱ्याने त्याला आत घ्यायच्या आधीच विचारलं, "वाट?" मुलगा म्हणाला, "हो बाबा. तिथूनच निघालो." ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून नवऱ्याला दुसरा विषय राहिला नाही. न्हाव्याच्या दुकानात, दूधवाल्यापाशी, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसापाशी, की या हातांनी मुलाला बाहेर काढलं. मुलगा तिथे असला तर खाली मान घालून ऐकायचा. त्याने बागखात्यात नोकरी धरली, शिडीवर चढून रस्त्याकडेची झाडं छाटायची; लग्नाचं त्याच्या मनाने घेतलं नाही. इकडे राज्यकर्त्यांनी कुणाकुणाशी करार केले आणि गाडीची मागणी आटली. तयार गाड्या आवारात रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या चाकांवरच्या पट्ट्यांतून गवत आलं, कामगार भट्टीशी पत्ते कुटत बसले. लाकडी नमुना एका हिवाळ्यात जळणाला गेला. भिंत पाडून तिथून रस्ता काढला, एका शेडमध्ये बसचे सांगाडे बनू लागले, बाकीच्यांना कुलूप. नवरा निवृत्त झाला तो ताठ मानेने. शेवटच्या आजारात त्याला घटकाभरापूर्वीचं आठवत नसे, पण मुलगा उशाशी बसला की विचारायचा, "खांदा आधी ना?" आणि मुलगा सांगायचा, "खांदा आधी, बाबा."

गॅलरीत ऊन कलतं झालं होतं. म्हातारी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. डॉक्टरांनी आज पाय टेकवू नका म्हणून सांगितलं होतं, पण हे बसल्या जागेवरून हाक मारून बोलण्यासारखं नव्हतं. भिंत धरत धरत ती दारापर्यंत गेली.

"अरे."

"हं. उठलीस कशाला?"

"तिथे गोळे होते," ती म्हणाली.

तो वळला नाही. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होत नव्हती. तो खाली बघतच म्हणाला, "पहिल्या दिवशीच पाहिलं मी. खुर्चीची पाठ पाडली आणि हात मागे नेला, तर हाताला गोळाच." मग तो वळला. "तुला कसं ठाऊक?"

"मीच काढले होते ते. कागदावर."

"आणि बाबांना?"

"त्यांना कुणी दाखवलंच नाही. त्यांची गाडी रिकामी होती."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ते ओठ इतकी वर्षं काय काय बोलले आणि काय बोलले नाहीत, ते आठवत असल्यासारखा. "म्हणजे मी टेबलाखाली शिरत होतो," तो सावकाश म्हणाला, "आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

"मला सांगायचंस. एकट्याला घेऊन."

"पहिल्या दिवशी तुला दिसेल, असं मी म्हटलं मनाशी." तिने चौकट घट्ट धरली. "ते कारण नव्हतं पण. तुझा बाप त्या आठवड्यात... तुझ्या लक्षात आहे त्यांचं तोंड? त्यावरचं हसू मला पुसवलं नाही. तुझा जीव एका बाजूला होता, तरी पुसवलं नाही. आता काय म्हणायचं ते म्हण."

त्याचा जबडा हलला, आणि क्षणभर तिला वाटलं, आता हा जिना उतरून निघून जाणार आणि परत येणार नाही. खालची स्कूटर एकदाची चालू झाली आणि कोपऱ्यावरून गेली.

"दारातच विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "माझे बूटसुद्धा काढून झाले नव्हते. येताना ठरवून आलो होतो, की खरं सांगायचं, चांगलं तोंडावर सांगायचं, की बाबा, तुमची वाट लाकडात होती. आणि त्यांनी विचारलं." त्याने मान हलवली. "मलाही नाही जमलं."

"मग निघालास कसा?"

"वरचे दोघं गेले होते. तोफ माझ्यावर. कुणीतरी बाहेरून चढलं, आत उतरलं आणि हाताने चाक फिरवून बुरूज सरकवला. कोण ते मला दिसलं नाही. झाकण उघडून बाहेर आलो तर तिथे कुणीच नव्हतं. नंतर पुष्कळांना विचारलं."

"आणि तोवर?"

"तोवर खांदा आधी, डोकं नंतर." तो हसला नाही. "जागा नाही, हे माहीत होतं ना. तरी करत होतो. आपटायचो, परत यायचो, पुन्हा. बाबा कानात ओरडत होते, हं, पुन्हा. नुसता बसून राहिलो असतो तर मला वेड लागलं असतं, आई. नाही तर लागलंही असेल, कुणास ठाऊक."

तिला त्याला हात लावायचा होता. तो तिच्या हाताच्या अंतरावर होता, पण त्याचं अंग अजून मिटलेलं होतं, आणि ती चौकट सोडून पुढे झाली असती तर पडली असती. त्याने रस्त्याकडे पाहत विचारलं, "मी आलोच नसतो, तर सांगितलं असतंस त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर तिने कधी शोधलं नव्हतं. तरी ते तिथेच होतं, कधीपासूनचं.

"तेव्हा तर मुळीच नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठांकडे नाही, डोळ्यांत. "हं," तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने खुर्ची उचलून आणली, ती गॅलरीत ठेवली, तिला दंडाला धरून बसवलं आणि पाय लांब करता यावा म्हणून कुंडी सरकवली. स्वतः कठड्याला टेकून उभा राहिला. तिला वाटलं, झालं, आता हा गप्प राहील, आपणही राहू, इतकी वर्षं राहिलो तसे. समोरच्या इमारतीतल्या बाईने दोरीवरचे कपडे काढले, झटकले, आत नेले.

"वरचे दोघं गेले त्या दिवशी सकाळी," मुलगा म्हणाला, "माझा एक मोजा सापडत नव्हता." तो थांबला, आणि तिने विचारावं म्हणून वाट पाहू लागला.

"कुठला मोजा?" तिने विचारलं.

"डाव्या पायाचा," तो म्हणाला, आणि सांगू लागला.